पी हळद

कुपवाडहून भालचंद्र शेटे आले तेव्हा
हातात पेढ्यांचा पुडा होता,
निकालाआधीच.
त्यांच्या वाफेच्या बॉयलरात शिजलेली हळद
कढईतल्या हळदीपेक्षा सरस,
हे त्यांना माझ्या सहीनं हवं होतं,
माहितीपत्रकाच्या दुसऱ्या पानावर, चौकटीत.

मार्केट यार्डामागं आमची प्रयोगशाळा.
दोन खोल्या, एक यंत्र, आणि एक संगणक
ज्याचं एंटरचं बटण मी आल्यापासून पिवळंच आहे.
'अ'खाली कढई, 'ब'खाली बॉयलर.
चौदा घरांतून आलेल्या चौदा पिशव्या,
प्रत्येकीत कुरकुमीन शेकडा किती, एवढंच.

सरासरी काढली.
कढई तीन पूर्णांक तीन.
बॉयलर साडेतीन.
"बघा!" म्हणत शेट्यांनी पुड्याची सुतळी सोडली.

म्हटलं, थांबा.
सरासरी लग्नातल्या फोटोसारखी असते.
सगळे एका उंचीचे दिसावेत म्हणून
कुणी पाटावर चढलेलं असतं, कुणी गुडघ्यात वाकलेलं.
पाट फोटोत येत नाही.

मग सूत्र लिहिलं. बरोबरचं चिन्ह, टी-टेस्ट, कंस,
ही ओळ, ती ओळ,
आणि पुढं ते विचारतंच: शेपटं किती, एक की दोन?
शेटे हसले. "बॉयलरला कसलं शेपूट?"

एक म्हणजे आधीच ठरवून टाकलेलं,
की फरक निघाला तर नव्याच्या बाजूनंच निघेल.
दोन म्हणजे, शेटे,
नवं वाईटही निघू शकतं
एवढी जागा सोडायची,
पंगतीत न आलेल्याचं पान मांडून ठेवतात तशी.
मी दोन लिहिलं.

शून्य पूर्णांक चोवीस.

"म्हणजे पास?"
म्हणजे असं, की दोन्ही हळदी मुळात सारख्याच असत्या
तरी नुसत्या पिशव्यांच्या नशिबानं
एवढा किंवा याहून मोठा फरक
शंभरात चोवीसदा दिसलाच असता.
पाचाच्या आत असतं तर सही केली असती.

खुर्ची ओढत ते पडद्याजवळ आले.
'ब'च्या तिसऱ्या घरावर बोट: दोन पूर्णांक सात.
बाकीच्या सगळ्या साडेतीन नाहीतर त्याच्या वर.
"ही नांद्र्याची ना? मगदूम बाईंची?
वाफ मध्येच बंद केली असणार. काढून टाका."

काढून पाहिली. खोटं कशाला बोलू.
संध्याकाळचे सात, बाहेर हमाल पोत्यांवर ताडपत्री ओढत होते,
आणि शेट्यांशिवाय बघणारं कुणी नव्हतं.

शून्य पूर्णांक शून्य शून्य सहा.

एक पिशवी उचलली मात्र,
हरिपूरचं पेव फुटावं तसा फरक बाहेर पडला.

आपल्याकडं म्हणतात, पी हळद नि हो गोरी.
माझ्या कामात 'पी' हे नुसतं अक्षर आहे
आणि गोरं व्हायची घाई रोजची.

मी नांद्र्याला फोन लावला. स्पीकरवर.
"वाफ? पाऊण तास दिली की, सांगितली तेवढी.
घड्याळ घेऊन बसले होते मी.
तुमच्या त्या ड्रमचं झाकणच बसत नाही हो नीट.
शेवटी वर पाटा ठेवला, वाटायचा."

शेटे काही बोलले नाहीत.
मी दोन पूर्णांक सात परत तिच्या घरात लिहिलं.
चोवीस परत आलं, गेलंच नव्हतं तसं.

अहवालात लिहिलं: फरक दिसून आला नाही.
"म्हणजे फरक नाहीच?"
नाही, तसं नाही.
दार वाजवलं, कुणी उघडलं नाही,
म्हणून घर रिकामंच आहे असं थोडंच असतं?
आणखी पिशव्या आणा. परत वाजवू.

त्यांनी खिशातल्या डायरीत एकच शब्द लिहिला, झाकण,
आणि खाली दोन रेघा ओढल्या.
पुडा टेबलावरच राहिला.

ते गेल्यावर एक पेढा खाल्ला.
बरा होता.
पण एकावरून काय सांगणार.